राजा उशिरा आला की

राजाने समोरची खुर्ची पायानेच ओढली, सरांच्या अगदी नाकासमोर आणली आणि तिच्यावर उलटा बसला, पाठ टेकायच्या जागी दोन्ही हात टेकून. बैठकीला बसायची ही काय रीत, असं एरवी कुणीतरी म्हटलं असतं. आज कुणी म्हटलं नाही. सरांनी आपली खुर्ची थोडी मागे घेतली, एवढंच.

"मॅडम, आडपडदा नको," राजा क्लबच्या अध्यक्षबाईंना म्हणाला. "संघात शिस्त नावाची गोष्ट नव्हती. कुणी कधी यावं, कुणी कधी जावं. चुकलं तर विचारणारं कुणी नाही. असा संघ खाली घसरणार नाही तर काय वर जाणार?"

बोलणार कोण, तर राजा. सरावाला ज्याने आजवर वेळेवर तोंड दाखवलं नाही, तो शिस्तीवर प्रवचन झोडत होता, आणि भिंतीला टेकून उभे असलेले बाकीचे खेळाडू माना डोलावत होते.

क्लबच्या वरच्या मजल्यावरची ही खोली ट्रॉफ्यांसाठी बांधलेली. ट्रॉफ्या थोड्या आणि कपाटं फार, त्यामुळे उरलेल्या फळ्यांवर जुने पंप आणि हवा गेलेले चेंडू कोंबलेले. खिडकीतून मैदान दिसत होतं. तिथे नवे कोच खांब रोवून घेत होते आणि त्यांचा आवाज वरपर्यंत येत होता. हंगाम संपला तेव्हा संघ खालच्या गटात फेकला गेला होता, आणि त्याच आठवड्यात क्लबने संघाचे कोच असलेल्या सरांना नारळ दिला होता. तिथे विषय संपायचा. पण खेळाडूंच्या जिभेला हाड राहिलं नाही. प्रत्येकाने वर्तमानपत्रवाल्यांना बोलावून सरांचे वाभाडे काढले. तशात ज्युनियर संघाच्या कोचची जागा रिकामी झाली आणि सरांनी ती मागितली.

दुसरा कुठलाही क्लब आता सरांना बोलावणार नव्हता. ही जागा गेली की मैदान कायमचं सुटलं, हे त्यांना ठाऊक होतं आणि खोलीतल्या सगळ्यांनाही. क्लबच्या अध्यक्षबाईंनी सरळ सांगितलं होतं, ज्यांना तक्रार आहे त्यांनी माणसाच्या तोंडावर करावी, मग मी ठरवते.

दाराजवळच्या स्टुलावर सरांचा भाचा बसला होता. संघात तो डाव्या बाजूचा बचाव सांभाळायचा. सकाळी निघताना आईने त्याला दारातच अडवलं होतं. "तुझ्या मामाला दुसरं काही येत नाही," ती म्हणाली होती. "शिटी गेली की माणूस गेला. तिथे त्याच्या बाजूचा तू एकटाच आहेस, लक्षात ठेव." त्याने मान हलवली होती. बाजू घ्यायची असं ठरवूनच तो जिना चढला होता.

"तुमचं काय?" अध्यक्षबाईंनी कप्तानाकडे पाहिलं.

कप्तान गोलकीपर होता. आडदांड माणूस, पण बोलताना आधी घसा खाकरायचा. "शेवटच्या सामन्यातला तो कॉर्नर," तो म्हणाला. "त्यांचा उंच पोरगा मोकळा सुटला. त्याला धरायचं कुणी, हे ठरलेलंच नव्हतं. आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो आणि गोल झाला. आदल्या दिवशी नीट सांगितलं असतं, तर आज आम्ही वरच्या गटात असतो."

"सांगितलं नव्हतं?" सर एकदम उसळले. "फळ्यावर काढून दाखवलं होतं. तेव्हा तू मागच्या बाकावर फोन घेऊन बसला होतास. गोलकीपर आहेस ना तू? मागून ओरडायला तोंड नव्हतं तुला?"

"बघा मॅडम. हे असं बोलणं असायचं," कप्तान म्हणाला.

"त्या पोराला धरायचं काम कुणाचं होतं?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

सरांनी तोंड उघडलं. राजा खुर्चीच्या पाठीवर बोटांनी ताल धरून त्यांच्याकडे बघत होता. ते काम राजाचं होतं. कॉर्नर झाला तेव्हा राजा मैदानाच्या मध्यावर कमरेला हात लावून उभा होता आणि हजारो लोकांनी ते पाहिलं होतं.

"ते आता काय उगाळायचं," सर म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता. "धावपळीत होतं असं."

भाच्याने खाली बघून ओठ चावला. मामा असाच होता. कप्तानावर वाघासारखा तुटून पडायचा आणि राजापुढे शेपूट घालायचा. हे त्याने इतक्यांदा पाहिलं होतं की आता चीडही यायची नाही असं त्याला वाटत होतं. पण आली.

राजाला रान मोकळं मिळालं. "खरं कारण मी सांगतो," तो म्हणाला. "यांचं सगळं लक्ष भाच्यावर. बाकीचे काय, मेले काय, जगले काय. गेल्या हंगामात हा संघातला सगळ्यात संथ खेळाडू. समोरचा माणूस याला ओलांडून जायचा आणि याला पत्ता लागायचा तो पाठ दिसल्यावर. तरी एक सामना याला बाहेर बसवलं नाही. का? तर लाडका भाचा. मामाच्या कडेवर बसून फुटबॉल खेळत होता हा."

भिंतीजवळ कुणीतरी हसलं.

अध्यक्षबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हा आरोप मोठा आहे. तुम्हीच सांगा," त्या भाच्याला म्हणाल्या. "मामा आहेत म्हणून भीड धरू नका."

भाचा उभा राहिला. सकाळपासून घोकलेली वाक्यं होती त्याच्याकडे, सर किती मेहनत घ्यायचे, पहाटे सगळ्यांच्या आधी कसे यायचे. ती वाक्यं त्याने सोडून दिली. लाडका हा शब्द त्याच्या डोक्यात गेला होता.

"राजा उशिरा आला की मी धावायचो," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"पहिल्या वर्षी सरांनी राजाला राउंड मारायला सांगितलं होतं. आपल्या क्लबचा नियमच आहे, उशीर झाला तर मैदानाला राउंड. राजा तसाच गाडीत बसला आणि निघून गेला. पुढच्या सामन्यालाही आला नाही. आपण सपाटून हरलो. त्यानंतर सरांनी त्याला कधी सांगितलं नाही. तो उशिरा आला की सर घड्याळ बघायचे आणि मला म्हणायचे, तुझे मोजे खाली आलेत, दहा राउंड. कप्तान फोनवर असला की माझ्या बुटाची नाडी सुटलेली असायची. मी नाड्यांना दोन दोन गाठी मारायला लागलो. मग सर म्हणायला लागले, तोंड वाकडं करतोस, दहा राउंड."

अध्यक्षबाईंच्या ओठांशी हसू येऊन थांबलं. सर टेबलाची कडा अंगठ्याने घासत होते.

"घरी मला म्हणायचे, तू घरचा आहेस, तुला बोललं की सगळ्यांना आपोआप कळतं. मला ते खरं वाटायचं. बरंसुद्धा वाटायचं, खोटं कशाला बोलू. आपल्यावर मामाचा विश्वास आहे म्हणून आपल्याला बोलतात, असं वाटायचं." तो राजाकडे वळला. "कुणाला काही कळलं नाही. हा गाडीतून उतरताना मला विचारायचा, आज किती रे? सराव सुरू व्हायच्या आधीच माझा जीव निघालेला असायचा. मग संथ नाही होणार तर काय होणार?"

राजाने ताल धरायचं थांबवलं.

"संघात शिस्त होती, मॅडम. फक्त ती सगळी माझ्या एकट्यावर निघायची. भाचा म्हणून लाड कसले? बाकीच्यांना बोलायची सरांची छाती नव्हती. सर यांना घाबरायचे."

बोलून झाल्यावर त्याला हलकं वाटलं. आपण मामाची बाजू घेतली की मामाचा सूड घेतला, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. निदान पक्षपाताचा डाग तरी पुसला जाईल, एवढं त्याला वाटत होतं. तो बसला नाही. सरांकडे बघत उभा राहिला.

सरांचे कान लाल झाले होते. पन्नाशी ओलांडलेला माणूस, उभी हयात मैदानावर गेलेली, दरारा हीच काय ती कमाई. खिडकीबाहेर नव्या कोचने शिटी फुंकली आणि सरांची मान आपोआप तिकडे वळली. मग त्यांनी ती परत आणली.

"खरं आहे का हे?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"नाही," सर म्हणाले.

त्यांनी टेबलाच्या कडेवरचा हात उचलून मांडीवर ठेवला.

"माझ्या मैदानावर मी कुणाला घाबरत नव्हतो. असलं काही घडलेलं नाही." त्यांनी भाच्याकडे न बघता पुढचं सांगितलं. "बहिणीचा एकुलता एक मुलगा. मी त्याला लाडावून ठेवला. बाहेर बसवायला हवा होता, नाही बसवला. राजा म्हणतो ते बरोबर आहे. चूक माझी आहे आणि मी ती कबूल करतो."

भाच्याला आधी वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. मग त्याने कप्तानाकडे पाहिलं. कप्तान गोलात उभा राहून सगळं मैदान बघायचा. राउंड संपवून भाचा गोलजवळ वाकून उभा राहिला की आपली पाण्याची बाटली त्याच्याकडे फेकायचा. एकदा म्हणालाही होता, अरे किती छळतात तुला.

अध्यक्षबाईंचंही लक्ष तिकडेच गेलं. "कप्तान, तुम्ही रोज तिथे होता. हे धावायचे का दुसऱ्यांच्या वाटचे राउंड?"

कप्तानाने घसा खाकरला. हो म्हणायला काही लागत नव्हतं. पण हो म्हटलं की पुढचा प्रश्न आलाच, कुणाच्या वाटचे? त्याने एकदा राजाकडे पाहिलं, एकदा आपल्या बुटांकडे.

"तसं काही लक्षात नाही, मॅडम," तो म्हणाला. "धावत असेल आपला हौसेने."

"इतरांचं काय?"

भिंतीला टेकलेल्यांच्या माना नकारार्थी हलल्या. कुणी छताकडे बघत होतं, कुणी मनगटावरची पट्टी सोडून पुन्हा बांधत होतं. कुणीही काही पाहिलेलं नव्हतं.

"सर बोलले ना," राजा म्हणाला. त्याने खुर्ची सरळ केली आणि पहिल्यांदाच नीट बसला. "मोठेपणा लागतो कबूल करायला. मला वाटतं, आता विषय वाढवू नये."

आणि सरांनी राजाकडे बघून मान हलवली. तासभर एकमेकांच्या उरावर बसलेली ही माणसं, आता कशी एका सुरात बोलत होती. अख्ख्या हंगामात एक पास धड ज्यांना जमला नाही, त्यांनी इथे बघता बघता मोट बांधली.

अध्यक्षबाईंनी चष्मा घातला. "ठीक आहे. चूक झाली, पण तिची जबाबदारी घेणारा माणूस मला आज दिसला. ज्युनियर संघात तुमचं कुणी नातेवाईक नाही ना?"

"नाही, मॅडम."

"मग सोमवारपासून या. आणि तुमचं," त्या भाच्याला म्हणाल्या, थोड्या चाचरत, "तुमच्या जागेचं नवे कोच बघतील. एक सांगू? स्वतःची बाजू मांडायला मामाला असं खाली पाडायला नको होतं."

भिंतीला लागून उभे होते ते सगळे एकदम दाराकडे निघाले. राजा जाताना सरांच्या खांद्यावर थाप मारून गेला. कप्तान भाच्याजवळ घुटमळला, काहीतरी पुटपुटला आणि तोही गेला.

सरांनी भाच्याला खाली गाठलं, स्कूटरच्या रांगेपाशी. बराच वेळ ते किल्ली शोधत राहिले. ती त्यांच्या हातातच होती.

"ते घाबरायचे वगैरे तू बोलायला नको होतंस," ते म्हणाले. "बाकी सगळं मी सोसलं असतं. घाबरट म्हटल्यावर ज्युनियरची पोरं तरी माझं ऐकतील का?"

भाच्याने फाटकाकडे पाहिलं.

"नव्या कोचशी मी बोलतो तुझ्याबद्दल. माझी ओळख आहे."

"नको."

"बरं, ताईला काही सांगू नकोस. तिला मी कळवतो, जागा मिळाली म्हणून. पोरगं माझ्या बाजूने बोललं, असंच सांगेन. तिला बरं वाटेल."

"सांगा ना, मामा," भाचा म्हणाला. "आणि रोज घरी आल्यावर मी न जेवता का झोपायचो, ते ती अजून विचारते. तेवढंही तुम्हीच सांगा. मी तर कधी धावलोच नाही."

तो फाटकाकडे चालू लागला. सरांनी फोन काढला, ताईचा नंबर काढला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत उभे राहिले.