कामावरचे बैल

साहेब आले ते नेमके पोळ्याच्या दिवशी. पोळ्याची सुट्टी म्हणून ऑफिसची जीप रिकामी, आणि जीप रिकामी म्हणून तपासणी. नागपूरजवळ हिंगण्याकडे कारखाने वाढत होते, कामगारांना घरं हवी होती. ज्या जमिनीवर शेती चालू असेल ती नव्या नकाशात हिरवी, बाकीची पिवळी, म्हणजे प्लॉट पाडायला मोकळी, असं वर ठरलं होतं. रुखमाबाईचं शेत हिरवं की पिवळं, ते आता मधुकरराव साहेबांच्या हातात होतं.

"कामावरचे बैल किती?" साहेबांनी विचारलं.

"आज कोन्ता बैल कामावर राहते, साहेब? तिकडं तोरणाखाली उभे आहेत."

"म्हणजे काम बंद."

"अन् हे कमरेइतकी कपाशीची पऱ्हाटी? हे कोणं पेरली?"

"पीक हा पुरावा नाही, बाई. धरमपेठेत एकानं बंगल्यापुढे ज्वारी उभी करून दाखवली. तेव्हापासून फक्त बैल बघायचे."

"आज तर तुमच्या ऑफिसलेही सुट्टी आहे ना?"

"मी ड्युटीवर आहे."

"म्हंजे तुमी चालू, अन् माहे बैल बंद."

साहेब हसले नाहीत, पण लिहिता लिहिता थांबले. "उद्याही जीप आहे. उद्या थोडा वेळ जुंपा, मी बघून जातो."

"उद्या पोळ्याची कर आहे. उद्याही त्यायच्या खांद्यावर जू ठेवत नाही."

"पंधरा मिनिटं हो. कोण पाहतंय?"

"बैल पाहतेत ना. काल म्या खांदे शेकले, हळद-लोणी लावलं, जेवाचं आवतन देल्लं. आवतन देऊन पाहुण्याले कामाले लावू का?"

जीप गेली तसा धाकटा दीर धोंडबा बांधावरून आला. त्याचा तुकडा लागूनच होता, आणि दोन्ही मिळून प्लॉट पाडायला त्याला पिवळंच हवं होतं. "होऊ द्या ना, वैनी. ले-आउटले तुमचंच नाव देऊ. रुखमा नगर."

"अन् मी राहू कुठं?"

"नगरातच."

"माह्याच नगरात भाड्यानं? वा, भाऊजी."

तोंडानं ती असं बोलली, पण रात्री गोठ्यात बैलांपाशीच जाऊन बसली. नवरा गेल्यापासून ती आणि पवळ्या-चांद्या हे दोन बैल, असं तिघांनी मिळून ते शेत राखलं होतं. तिघांतल्या दोघांना सुट्टी दिली म्हणून शेत जायचं होतं.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, म्हणजे पोरांचा पोळा. पाइप टाकायला रस्ता खणून ठेवलेला, म्हणून वस्तीतली सगळी पोरं आपापले लाकडी बैल ओढत रुखमाबाईच्या पडीक पट्ट्यात शिरली. तिनंही हाकललं नाही, उलट आंब्याच्या पानांचं तोरण बांधून दिलं. मातीत चाकांच्या नांगरल्यासारख्या रेघा उमटत होत्या, तेवढ्यात जीप आली.

"बैल?" साहेबांनी विचारलं.

"गोठ्यात आहेत. आराम करून राहिले."

साहेबांनी पेन उघडलं. पण पोरांनी त्यांना घेरलं होतं. "साहेब, बोजारा द्या ना. आमच्या बैलाचा बोजारा." साहेबही नागपुरातच वाढलेले, लाकडी बैल पुढे आला की बोजाऱ्याची नाणी द्यायला हात आपोआप खिशात जायचा. एकीला दिला, मग दुसऱ्याला, मग रांगच लागली. खिसा रिकामा होईपर्यंत रुखमाबाई थांबली.

मग म्हणाली, "झालं, साहेब. बोजारा देल्ला म्हंजे बैल मान्य."

"अहो, ते लाकडाचे आहेत."

"लाकडाचेच आहेत, मी कुठं नाही म्हणते? पण बोजारा बैलालेच देतेत. तुमी मनानं देल्ला. तुमच्या कागदावर लाकडाचे का हाडाचे, असं विचारलं आहे का?"

साहेबांनी कागद उलटा करून पाहिला. तसं कुठंच विचारलेलं नव्हतं. मातीतल्या रेघांकडे त्यांनी पाहिलं. मग खाली बसून त्यांनी बैल मोजले, मोडक्या चाकाचा एक सोडून, आणि लिहिलं: कामावर आहेत.

जीप गेल्यावर ती गोठ्यात गेली. "उद्यापासून या गा कामावर," पवळ्याच्या खांद्यावरून हात फिरवत म्हणाली.

दिवाळीनंतर नकाशा आला. रुखमाबाईचं शेत हिरवंगार. एवढ्या बैलांना तेवढं शेत पुरणार नाही म्हणून ऑफिसनं धोंडबाचा तुकडाही हिरवा करून टाकला होता.

धोंडबा येऊन ओट्यावर बसला. म्हणाला, "वैनी, आता तपासणी दरसाली आहे म्हंतेत. मले बैल घ्या लागन. कोन्ता घेऊ?"

"दोन्ही घ्या," रुखमाबाई म्हणाली. "हाडामासाचा शेतासाठी, अन् लाकडाचा साहेबासाठी."