तारेवरची वर्षं

मित्रांनो, मी एक जुनी तार आहे. विजेची नाही, पोस्टाची तर नाहीच. दुकानात बिलं टोचून ठेवतात, ती. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला पाहिलंही नसेल. हातभर लांबी, खाली पत्र्याची गोल चकती, वरचं टोक आकड्यासारखं वळलेलं. त्या टोकानं कागदाला भोक पाडायचं, कागद खाली सरकवायचा आणि मला पुन्हा खिळ्याला अडकवायचं. माझं काम एवढंच. पण एवढ्याशा कामात एकदा असा काही गोंधळ उडाला, की वर्ष म्हणजे नक्की काय, हे मला आजही धड सांगता यायचं नाही.

रायपूरच्या सदर बाजारातल्या एका गल्लीत कूलर दुरुस्तीचं दुकान होतं. तिथे मी झाले. दुकान नीलकंठभाऊंचं. त्यांचे वडील वर्ध्याकडून रेल्वेच्या नोकरीत इकडे आले आणि इथलेच झाले. भाऊंनी एका मोडक्या कूलरच्या जाळीतून मला उपसलं, पकडीनं सरळ केलं, टोक कानशीनं घासलं आणि बायकोला दाखवलं.

"हे पाह्य विजया, आपला मुनीम."

"पगार तं नाही ना मागणार?" विजयाबाई म्हणाल्या, आणि तांब्याच्या तारेचं पहिलं बिल त्यांनीच माझ्यात टोचलं.

तेव्हापासून मोटार, पंप, पत्रा, वाळ्याच्या ताट्या, जे जे आलं-गेलं त्याचा कागद माझ्या अंगावर आला. जुना खाली, नवा वर. मला वाचता येत नाही, पण कोण कोणाच्या आधी आलं, हे मी कधी चुकले नाही. भाऊंना माझा मोठा अभिमान. गिऱ्हाईक म्हणालं, की भैया, पंप तर मागच्याच उन्हाळ्यात बदलला होता, की ते मला खिळ्यावरून काढत आणि कागद उचलून दाखवत. गिऱ्हाईक पाकीट काढी.

दिवाळीला तर माझा थाटच असे. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी माझे सगळे कागद उतरवायचे, त्याच भोकांतून लाल दोरा ओवून गठ्ठा बांधायचा, गठ्ठ्यावर हळदकुंकू वाहायचं. मला चिंचेनं घासून रिकामी टांगायची. पाडव्याला पहिला कागद टोचला, की वर्ष सुरू. भाऊंनी ही रीत शेजारच्या दुकानदारांची पाहून उचलली होती आणि देवाच्या पूजेसारखी सांभाळली होती. म्हणून मी आपली समजत होते, की दिवाळीला संपतं आणि दिवाळीला सुरू होतं, ते वर्ष. यात गोंधळण्यासारखं काय होतं?

मग छत्तीसगड नवं राज्य झालं आणि रायपूर राजधानी. कचेऱ्या उघडू लागल्या, साहेब आले, त्यांच्या खुर्च्या आल्या. सगळे म्हणाले, आता नीलकंठचं नशीब उघडलं. झालं उलटंच. नव्या साहेबांसाठी नवी दुकानं निघाली, तिथे प्लास्टिकचे तयार कूलर मिळू लागले. जुना कूलर दुरुस्त करून घेणारं गिऱ्हाईक रोडावलं. माझ्यावर आठवडाभर नवा कागद येईना. नागपूरहून विजयाबाईंच्या भावाचा, सुशीलचा, निरोप आला. दुकान बंद करा अन् इकडे या, माझ्या दुकानात भाऊजींना काम देतो. सुशील मनानं वाईट नव्हता. पण विजयाबाईंचा जीव गोळा झाला. माहेरी चार दिवस पोळ्या खायला जायचं असतं, नवऱ्याला कामाला लावायला नाही.

त्याच सुमारास शंकर नगरच्या बाजूला एका नव्या कचेरीत इमारतभर कूलर बसवले. त्यांची उन्हाळाभराची देखभाल द्यायची होती. हे काम मिळालं तर दुकान टिकत होतं, नाही तर नागपूर. अट एकच होती: मागच्या दोन वर्षांचे आयकराचे रिटर्न जोडा.

भाऊंनी ते भरलेच नव्हते. चोरी म्हणून नाही हो. "आपल्यावर टॅक्स बनतच नाही, तं भरायचं काय?" हा त्यांचा सरळ हिशेब. विजयाबाई चौकशी करून आल्या. कर बसो न बसो, रिटर्न भरलेलं लागतं. राहून गेलेल्या वर्षांचंही भरता येतं, पण त्यालाही मुदत असते, आणि दोहोंपैकी जुन्या वर्षाची मुदत नेमकी त्याच मार्चअखेर संपत होती.

विजयाबाई हिशेब कुठे शिकल्या नव्हत्या. दुकानात बसून बसून आला, तेवढा. त्यांनी मागच्या दोन दिवाळ्यांचे दोन गठ्ठे काढले, एकेका गठ्ठ्याची बेरीज केली, चार वेळा ताडून पाहिली. मग ते गठ्ठे आणि न जाणो काय मागतील म्हणून मलाही, कागदांसकट, कापडी पिशवीत घालून स्कूटरवर निघाल्या. माझं टोक पिशवीतून बाहेर येऊन भाऊंच्या पाठीला टोचत होतं. भाऊ दर चौकात म्हणत होते, "मुनीमले आवर."

राधिका नावाची सीए पोरगी शंकर नगरात बसत असे. तिचं घराणं भोसल्यांच्या काळापासून रायपुरात. मराठी तिला सगळं समजायचं, बोलायची मात्र हिंदी. तिनं बेरजा घेतल्या, आँटीजी फिकर मत करो म्हणाली, आणि दोघी आपापल्या जागी निश्चिंत झाल्या. पिशवी तिच्याकडेच राहिली. मी तिच्या कपाटाच्या कडीला टांगून होते.

मार्चचा शेवटचा रविवार उजाडला. सोमवारी मुदत संपणार. कागद एकदा नजरेखालून घालावेत म्हणून राधिकानं पहिला गठ्ठा उघडला आणि तिचा चेहराच बदलला. तिनं भाऊ-बाईंना बोलावून घेतलं.

"आँटी, ये तो नवंबर से शुरू हो रहा है."

"हव. दिवाळी झाल्यावर."

"पर साल तो अप्रैल से शुरू होता है ना?"

"कोणाचं?" विजयाबाईंनी विचारलं.

मलाही समजेना. एप्रिलमध्ये? एप्रिलमध्ये माझं तर अर्धंच पोट भरलेलं असतं. अर्ध्या पोटी वर्ष कसं सुरू होईल?

राधिकानं समजावलं. सरकारचं वर्ष एप्रिलपासून मार्चपर्यंत. शिवाय त्या वर्षाचं रिटर्न भरताना नाव लिहायचं त्याच्या पुढच्या वर्षाचं, कारण तपासणी पुढच्या वर्षी होते. हे ऐकून विजयाबाईंनी डोक्याला हात लावला.

"म्हणजे पोट्टं या वर्षी झालं अन् बारसं पुढच्या वर्षाच्या नावानं? मले समजून नाही राहिलं, बेटी."

"मैंने भी नहीं पूछा, आँटी. पूछना चाहिए था."

भाऊ उठले. म्हणाले, सोडून दे विजया, मी सुशीलले फोन करून देतो, हे आपल्यासारख्यांचं काम नोहे. ते दारापर्यंत गेलेही. विजयाबाई जागच्या हलल्या नाहीत. त्या गठ्ठ्याकडे पाहत होत्या.

"एप्रिलपासून लागते ना? मंग आणखी एक गठ्ठा पाहिजे. याच्या आधीच्या दिवाळीचा. त्यातला अर्धा लागन. कुठाय तो?"

भाऊ दारात थांबले. मग हळूच म्हणाले, "तो तं टेबलाखाली हाये. टेबल डगमगत होतं, म्हणून पायाखाली लावला होता मी."

विजयाबाईंनी त्यांच्याकडे जसं पाहिलं, ते मी इथे सांगत नाही.

गठ्ठे आणि मला पिशवीत घालून सगळे दुकानात आले. राधिकाही आली, आपल्या स्कूटीवर. भाऊंनी टेबल उचलून धरलं आणि त्यांच्या मुलीनं, गंधालीनं, खालून गठ्ठा ओढून काढला. दबून पापडासारखा झालेला, पण दोरा शाबूत, कुंकू अजून लाल. आता तीन दिवाळ्यांचे तीन गठ्ठे, आणि हवी होती सरकारची दोन वर्षं. राधिका म्हणाली, सब खोलकर तारीख से लगाते हैं. भाऊंनी दोरा सोडायला हात घातला.

"थांबा," विजयाबाई म्हणाल्या. "सोडलं तं सारं एकमेकांत जाईन. हे रांगेनंच आहेत. रांग नका मोडू."

त्यांनी माझ्यावरचे चालू कागद उतरवून बाजूला ठेवले. मग सगळ्यात जुना गठ्ठा घेतला, दोरा काढत काढत त्याच्याच भोकांतून मला ओवला. त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. आयुष्यात पहिल्यांदा तीन वर्षं एकदम माझ्या अंगावर चढली. मी वाकले. कागद उडू नयेत म्हणून पंखा बंद केलेला, दुकानभर कूलर आणि एकही चालू नाही, मार्चची रायपूरची दुपार. सगळ्यांच्या कपाळावरून घाम गळत होता. विजयाबाई एकेक कागद चाळत वरून खाली आल्या आणि जिथे मार्च संपून एप्रिल लागत होता, तिथे त्यांनी मोटारीच्या खोक्याच्या पुठ्ठ्याची, कडेनं चीर दिलेली एक चकती अडकवली. मग आणखी खाली, पुन्हा एक. मग तिसरी. दोन चकत्यांमध्ये जे उरलं, ते सरकारचं वर्ष.

"मम्मी, इतना ही था?" गंधाली म्हणाली.

"इतकंच होतं. पण कोणी सांगन तवा ना."

काही कागदांवरची तारीख पाण्यानं पुसली होती. ते कोणत्या वर्षातले, हे कुणाला विचारावं लागलं नाही. वरच्या कागदाची आणि खालच्या कागदाची तारीख पाहिली, की मधल्याची जागा कळायची. बेरजा नव्यानं झाल्या. राधिका आकडे सांगत होती, विजयाबाई ताडत होत्या, आणि नागपूरला फोन लावायला निघालेले भाऊ सगळ्यांसाठी उसाचा रस घेऊन आले.

सोमवारी आयकराच्या खिडकीवर लांब रांग होती म्हणे. मी तिथे नव्हते, ऐकलेलं सांगते. विजयाबाई रांगेत आपल्या पुढच्या-मागच्या प्रत्येकाला विचारत होत्या, तुमचं वर्ष बरोबर कापलं ना? एक गृहस्थ तर रांग सोडून घरी पळाले.

संध्याकाळच्या आत दोघं दुकानात परतले. दोन्ही वर्षांच्या पोचपावत्या, शिक्का मारलेल्या. भाऊंनी सवयीनं मला खिळ्यावरून काढलं आणि पावती टोकाशी आणली.

"याले भोक नाही पाडायचं," विजयाबाई म्हणाल्या, आणि पावती त्यांच्या हातातून काढून घेतली.

मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मला लागलं. इतकी वर्षं प्रत्येक कागद माझ्याकडे आला. हा पहिला, जो माझ्यापाशी येऊन परत गेला. प्लास्टिकच्या पारदर्शक फाइलीत गेला. ज्या कागदासाठी मी तीन वर्षं पेलली, तो माझा नव्हताच.

कूलरचं काम भाऊंना मिळालं. विजयाबाईंनी सुशीलला फोन केला आणि सांगितलं, दादा, आम्ही येतो, पण उन्हाळा सरल्यावर, अन् पाहुणे म्हणून. तेव्हापासून माझे कागद मार्चअखेर उतरू लागले. पहिल्या दिवाळीला भाऊ फार अस्वस्थ होते. लक्ष्मीपुढे अर्धी तार कशी ठेवायची? विजयाबाईंनी कागदांसकट मला पाटावर ठेवलं आणि सगळ्यात वरच्या बिलावर कुंकू लावलं. लक्ष्मीनं काही तक्रार केली नाही.

आता गंधाली सगळा हिशेब कॉम्प्युटरवर करते. माझ्या अंगावर रबराचे वायसर आणि एका हरवलेल्या कुलपाची किल्ली आहे. टोकाला गंज चढलाय. वर्ष दिवाळीला सुरू होतं की एप्रिलला, हे मला विचाराल तर मी अजून गोंधळते. माझ्यासाठी दोन्ही खरी. एक भाऊंचं, एक सरकारचं.

तुमच्या घरीही कुणी असेल, कागदांचा ढीग पुढ्यात घेऊन बसलेलं, कपाळाला आठ्या घालून, काही न समजून. त्याला हसू नका. "इतकं साधं कसं कळत नाही," असंही म्हणू नका. त्याच्याजवळ खाली जमिनीवर बसा, आणि त्याचं वर्ष कुठून सुरू होतं, ते आधी त्यालाच विचारा.