ब्रीफकेसवाले अब्बा

सातवीच्या वर्गात एक्केचाळीस पोरं हुती. आणि एका सोमवारी कळलं की त्यातल्या अकरा जणांचे बाप रोज सकाळी नऊला टाय लावून, ब्रीफकेस घेऊन ऑफिसला जात्यात. आता त्यातला एक बाप रिक्षा चालवायचा, एकाचा म्हशींचा गोठा हुता, आणि कशिशचे अब्बा मीरासाब शाहूपुरीच्या गूळबाजारात अडतीवर गूळ तपासायचे. अकरा घरं पालथी घातली असती तरी एक ब्रीफकेस घावली नसती.

हे सगळं झालं संयोगिता बाईंमुळं. बाई मराठी शिकवायच्या. दरवर्षी निकालादिवशी आयाबाप भांडायला यायचे, आमच्या पोराला ब कसा काय म्हणून. यंदा बाईंनी आधीच डाव टाकला. भिंतीवर एक मोठा कागद डकवला आणि वर लिवलं, 'माझ्या अपेक्षा'. खाली तीनच ओळी. विषय सोडू नका. स्वतःचं लिहा. शेवट असा करा की वाचणारा जागा राहील.

"निबंध आधी घरी दाखवायचा," बाई म्हणाल्या. "घरच्या माणसानं अ, ब, क श्रेणी द्यायची आणि एका ओळीत कारण लिहायचं. मग मी माझी देणार. दोन्ही जुळल्या तरच तो निबंध धरायचा. आणि धरलेल्यातला सगळ्यात चांगला असेल, तो गॅदरिंगला स्टेजवर वाचायचा."

स्टेज म्हटल्यावर कशिशचं कान उभं ऱ्हायलं. पाचवीपास्नं ती गॅदरिंगला पडद्याची दोरी वडायची. तिचं हात दणकट, म्हणून बाईंनी एकदा दोरी दिली ती तिच्याच गळ्यात पडली. दोन वर्सं तिनं सगळं गॅदरिंग बाजूनं बघितलं, निस्ती कानं आणि पाठी. आणि स्टेजवर वाचायला दरवर्षी कोण? पृथ्वीराज. बेंचवर तिच्या शेजारीच बसायचा.

"विषय 'माझे बाबा' हाय," पृथ्वीराज म्हणाला. "तू कशाला दमतीयास? तू आपली दोरी बघ. जोरात वडतीस, बरं असतंय."

कशिशनं त्याचं दप्तर लाथेनं तिसऱ्या बेंचपर्यंत पोचवलं आणि घरला जाऊन गाईड उघडलं. गाईडात निबंध तयार हुता, एकदम झकपक. तिनं मोत्यासारख्या अक्षरात उतरवला आणि अब्बांच्या म्होरं ठेवला.

अब्बांची शाळा चौथीत सुटलेली. ते ओळीखाली बोट ठेवून वाचायचे. दुसऱ्याच ओळीवर बोट थांबलं.

"नजीरा," त्यांनी आत हाक मारली, "ही पोरगी कुणाच्या बापावर लिवलीया?"

"तुमच्यावरच की," अम्मी आतनं म्हणाली.

"माझ्याकडं टाय कुठाय?"

"लग्नात हुता. मेव्हण्याचा. परत दिला न्हवं का."

अब्बांनी कागद अंगठ्यात आन् बोटात धरून चोळला, गुळाचा खडा चोळत्यात तसा. उजेडाकडं धरला. अडतीवर ते हेच करायचे. गुळाची ढेप आली की सळई खुपसायची, आतला गूळ काढायचा, रंग बघायचा, कणी बघायची, जिभेवर ठेवायचा, आणि वरडून सांगायचं, एक नंबर, दोन नंबर, का तीन. पिवळा धमक गूळ दिसला की त्यांचं डोकं सरकायचं. लवकर खपावा म्हणून गुऱ्हाळावरच कुणीतरी पावडर मारलेली असायची.

"रंग लय हाय," अब्बा म्हणाले. "पावडर मारलाय माल."

आणि पेन घेऊन त्यांनी खाली लिवलं, '३ नंबर. रंग जास्त. चव नाही. मीरासाब.'

कशिशनं वही वडून घेतली. "अब्बा, अ ब क लिवायचं असतंय. तीन नंबर म्हंजे क झाला की! आणि बाकीच्यांचे आईबाप डोळं झाकून अ देणार हायत."

"देऊ देत की. मला डोळं उघडं ठेवायचा पगार हाय."

त्या दिवशी कशिश रागानं जेवली न्हाय. म्हणजे दोनच भाकऱ्या खाल्ल्या.

सोमवारी बाईंनी वह्या गोळा केल्या. चाळीस वह्यांवर घरचा अ. पृथ्वीराजच्या आईनं तर अ लिवून पुढं तीन चांदण्या काढलत्या. आणि एका वहीवर तीन नंबर. बाईंनी ते मोठ्यानं वाचलं तसा वर्ग बेंचवर हात आपटून आपटून हसला. कशिश खाली मान घालून पेन्शिलीचं टोक मोडत बसली.

"हसून झालं?" बाई म्हणाल्या. "आता माझ्या श्रेण्या ऐका."

अकरा ब्रीफकेसवाल्यांना क. त्यातच कापडाचं दुकान असलेल्या पृथ्वीराजच्या बापाला बी क, कारण तोबी नऊला ऑफिसला गेलता. बाकीच्यांना कुणाला ब, कुणाला क.

"घरची आणि माझी श्रेणी जुळली एकाच ठिकाणी," बाई म्हणाल्या आणि त्यांनाच हसू आलं. "कशिश. दोघांनी मिळून नापास केलीय."

"मग ती क घेऊन स्टेजवर जाणार काय?" पृथ्वीराज म्हणाला.

"कुणीच जाणार नाही. आठ दिवस देते. परत लिहा. आणि ह्या वेळी बाप आपापला आणा."

शाळा सुटली आणि बघतोय तर काय, सोळा पोरं कशिशच्या मागनं अडतीवर, बाईंशी जुळतंय त्या बापाकडनं आपली बी वही तपासून घ्यायला. पोत्यांवर चढून बसली. हमाल कामं सोडून बघाय लागले. अब्बांनी हातातली सळई पुसली आणि एकेक वही घेतली.

"ही कच्ची हाय. उकळीच फुटंना. तुझा बाप रिक्षा चालवतोय, तर ह्यात रिक्षा कुठाय?" दुसरी वही. "ह्यात खडा आला. मधीच राष्ट्रप्रेम कुठनं आलं? काढ ते." तिसरी वही पृथ्वीराजची. "पावणं, तुमच्यात बी पावडर हाय."

"आईनं अ दिलाय," पृथ्वीराज म्हणाला.

"आई हाय ती. आईला सगळाच गूळ ग्वाड."

हमाल असं हसले की एकाच्या पाठीवरचं पोतं घसरलं. कशिश कोपऱ्यात उभी हुती. सगळ्यांचा बाप सापडला, आणि आपला तर म्होरं उभा हाय सळई घेऊन. ती तशीच घरला पळाली आणि लिवाय बसली.

लिवलं की अब्बा चहा बिनसाखरेचा पित्यात, कारण दिवसभर जीभ ग्वाड करून दमत्यात. लिवलं की ते बाजारात कलिंगडाला टिचकी मारत्यात, घरात भाकरीला मारत्यात, नवीन सोफा आला तर सोफ्याला बी मारली. मामूच्या लग्नात नवरीकडचा लाडू मोडून बघितला आणि 'दोन नंबर' म्हणाले, तर नवरीकडची अर्धी माणसं रुसून बसली. लिवलं की अब्बा माझ्या कशालाच आजवर एक नंबर म्हणाले न्हाईत. आणि दमून शेवटची ओळ टाकली, 'असे माझे अब्बा मला खूप खूप आवडतात.'

अब्बांनी बोट ठेवून वाचलं. लाडवापाशी हसले. शेवटाला आले आणि तोंड वाकडं केलं.

"सगळा माल चांगला शिजलाय. शेवटाला घाई झाली. चुलीवरनं काहिल लवकर उतरवलीस. ही ओळ त्या ब्रीफकेसवाल्याची हाय."

'२ नंबर. शेवट कच्चा.'

बाईंनी घरचा शेरा न बघताच श्रेणी दिली. ब. कारण, शेवट. मग घरचा शेरा बघितला आणि खुर्चीवर मागं रेलून हसतच ऱ्हायल्या. ह्या खेपेला जुळणारे पाच जण निघाले. चौघांना क हुता. पृथ्वीराजला बाईंचा ब आणि आईचा परत अ, आता पाच चांदण्या.

म्हणजे स्टेजवर कशिश. आणि दोरीवर कुणीतरी पायजे हुतं.

"दोरी निस्ती धरायची असती," कशिश पृथ्वीराजला म्हणाली. "जमंल तुला. हळू वड."

गॅदरिंगला पटांगण भरलं. मागच्या रांगेत अब्बा, अम्मी आणि अडतीवरचे सात हमाल, सगळे आंघोळ करून. कशिश माईकपाशी गेली आणि वाचाय लागली. कलिंगडाच्या टिचकीला लोक हसले, सोफ्याला जास्त हसले, आणि लाडवाला तर पहिल्या रांगेतले पावणं खुर्चीतनं सरकले. तिला वाटलं आता आपुन उडतोय.

आली शेवटची ओळ. कशिश थांबली. कच्ची ओळ तोंडातनं निघंना.

ती थांबली म्हणून पृथ्वीराजला वाटलं संपलं. त्यानं दोरी सोडली. धाडकन पडदा बंद. टाळ्या.

कशिशनं पडद्याच्या फटीतनं नुसतं मुंडकं भाईर काढलं.

"अजून संपलं न्हाय," ती वरडली. टाळ्या थांबल्या. "अब्बा मला कधी एक नंबर म्हणाले न्हाईत. पन तीन नंबरला कधी एक नंबर बी म्हणाले न्हाईत. म्हणून ज्या दिवशी म्हणतील, त्या दिवशी मला दुसऱ्या कुणाला इचारावं लागणार न्हाय. ते तिथं बसल्यात, मागं. संपलं."

आख्खं पटांगण वळून मागं बघाय लागलं. अब्बा उठले. काय घाई न्हाय. जिभेवर खडा ठेवल्यागत तोंड हललं, डोळं मिटलं, उघडलं. आणि एक बोट वर केलं. मागनं सात हमालांची सात बोटं वर झाली.

कशिशचं मुंडकं पडद्यात लाल लाल.

"पन पडदा," अब्बा लांबनंच वरडले, "तीन नंबर."