मागे

तिने बुटाची नाडी सोडली आणि तिसऱ्यांदा बांधायला घेतली, कारण वाकलं की बाकाखालून हॉलचा तो कोपरा सरळ दिसायचा. कोपऱ्यात कंपनीचा स्टॉल होता. स्टॉलवर हवा भरलेला भलामोठा कोंबडा डुलत होता आणि त्याच्या पायाशी, खिडकीकडे तोंड करून, तिचे बाबा तळणीच्या मशीनसमोर उभे होते. तिला फक्त त्यांची पाठ दिसत होती आणि पाठीवर एप्रनची गाठ.

“फ्राय, चल की,” कॅप्टन म्हणाली. “नाडी बांधतेस की वेणी घालतेस?”

संघात सगळ्या तिला फ्रायच म्हणत. आठवड्यातून चार दिवस ती त्याच कंपनीच्या स्वयंपाकघरात, बाबांच्या शेजारी उभी राहून बटाटे तळायची, आणि कितीही शाम्पू चोळला तरी केसांतला वास जायचा नाही. यंदा कॉलेजांच्या बास्केटबॉल स्पर्धेचा सगळा खर्च कंपनीने उचलला होता, त्यामुळे अंतिम सामन्यात दोन्ही संघांच्या छातीवर तोच लाल तुऱ्याचा कोंबडा होता. रजा घेतली तरी ड्युटी काही सुटत नाही, असं ती सकाळी घरून निघताना म्हणाली होती आणि बाबा हसले होते.

बाबांनी तिचा एकही सामना पाहिलेला नव्हता. तीन वर्षांत एकही नाही. यात कोणाचा दोष नव्हता. सामने संध्याकाळचे आणि दुकानात गर्दीही संध्याकाळचीच. घरी जेवताना ते विचारायचे, “आज किती बास्केट?” ती म्हणायची, “सहा. तुमच्या?” ते म्हणायचे, “दोनशे दहा.” तळणीच्या जाळीच्या भांड्यालाही बास्केटच म्हणतात, आणि या एवढ्याशा विनोदावर दोघं बापलेक तीन वर्षं न कंटाळता हसत आले होते. पण तिला आकडे सांगायचे नव्हते. त्यांनी एकदा बघावं, एवढंच तिला हवं होतं. हे शेवटचं वर्ष. आज जिंकलं तर पुढची मोठी स्पर्धा होती. हरलं तर खेळणं इथेच संपलं, पुढच्या महिन्यापासून पूर्ण वेळ नोकरी.

स्टॉलची ड्युटी बाबांनी मागून घेतली होती. अठरा वर्षांत त्यांनी कंपनीकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. मॅनेजर हो म्हणाला खरा, पण धूर बाहेर जावा म्हणून त्याने मशीन खिडकीला लावलं. म्हणजे बाबा हॉलमध्ये, आणि सगळा हॉल त्यांच्या पाठीमागे. वर सकाळी सगळ्यांना रांगेत उभं करून त्याने बजावलं होतं, “कंपनी दोन्ही संघांची आहे. स्टॉलवरून टाळी नाही, शिट्टी नाही, आणि ओरडणं तर नाहीच नाही.” बाबांनी मान डोलावली होती. नियम मोडणाऱ्यांतले ते नव्हतेच. तळणीची घंटी वाजली आणि बाबा जागेवर नाहीत, असं दुकानात कोणी कधी पाहिलं नव्हतं.

पहिला क्वार्टर आपण कसा खेळलो, हे तिला नंतर आठवूनही सांगता आलं नाही. दुपारचं ऊन उंच खिडक्यांतून तिरपं उतरलं होतं आणि त्यात तळणीची पुसट वाफ तरंगत होती. त्या पट्ट्यात शिरलेली मुलगी क्षणभर सोनेरी व्हायची आणि पलीकडे गेली की पुन्हा साधी. बुटांचं चिरकणं, पंचांची शिट्टी, गॅलरीतला गलका, सगळं पाण्याखालून आल्यासारखं येत होतं. तीन गुणांची बास्केट पडली की निवेदकाला करारानुसार “गरमागरम, कुरकुरीत!” असं म्हणावं लागे. निवेदक म्हणजे बिचारे गणिताचे सर. ते दर वेळी आधी घसा खाकरायचे.

परत धावताना ती दर वेळी कोपऱ्याकडे बघायची. गाठ. बॉल हातात आला की बघायची. गाठ. एकदा तर तिने स्टॉलच्या बरोबर समोरून, दोघींना चुकवून, बॉल असा टाकला की गॅलरी उभी राहिली. सरांनी घसा खाकरला. गाठ जागची हललीही नाही.

क्वार्टर संपल्यावर पाणी पिताना, चष्मा लावून खेळणारी तिची मैत्रीण शेजारी येऊन बसली.

“सारखी काय बघतेस तिकडे? भूक लागलीय?”

“नाही.”

“मग इकडे लक्ष दे ना बाई. दोनदा बॉल दिला तुला, दोनदा सोडलास.”

तिला राग आला. रागापेक्षा वाईट म्हणजे रडू आलं. भर हॉलमध्ये, कोंबड्याचा शर्ट घालून, बाबांनी बघावं म्हणून रडायचं वय राहिलं होतं का तिचं? तिने तोंडावर पाण्याचे दोन हबके मारले आणि ठरवलं, आता तिकडे बघायचं नाही. सामना संपेपर्यंत एकदाही नाही.

आणि तिने ते पाळलं.

न बघितल्यामुळे असेल, अंग हलकं झालं. दुसऱ्या क्वार्टरमध्ये तिला बॉल मागावा लागेना, तो आपणहून तिच्याकडे येत होता. तिसऱ्यात उजवीकडून दोघी आडव्या आल्या तेव्हा तो आपसूक डाव्या हातात गेला आणि तिने डाव्या हातानेच वर सोडला. सरावातही कधी तिने असं केलं नव्हतं. बॉल कड्यावर फिरला, आत जावं की बाहेर याचा विचार केल्यासारखा, आणि आत पडला. मैत्रिणी पाठीवर थापा मारत होत्या, त्याही कोणा दुसरीच्याच पाठीवर पडाव्यात तशा तिला लांबून जाणवत होत्या. झोपेत आपण उडतो तेव्हा पंख कुठून आले असं विचारत नाही, तसं तिने काही विचारलं नाही. ती खेळत राहिली.

शेवटची वीस सेकंद उरली तेव्हा त्यांचा संघ एका गुणाने पुढे होता आणि बॉल तिच्याकडे होता. करायचं काहीच नव्हतं. बॉल आपटत राहायचा, कोणाला हात लावू द्यायचा नाही, घड्याळ आपलं आपण संपणार होतं. कोच मॅडम कडेने दोन्ही हात खाली दाबत होत्या, सावकाश, सावकाश. ती बॉल आपटत, पाठमोरीच, स्टॉलच्या कोपऱ्याकडे सरकली. पंधरा. चौदा.

“मागे!”

आवाज मोठा नव्हता. पण तो त्या सगळ्या पाण्यातून सरळ तिच्या मणक्यापर्यंत आला.

तळणीच्या स्वयंपाकघरात हा शब्द कोणी उगाच उच्चारत नाही. उकळत्या तेलातली बास्केट घेऊन कोणी तुमच्या पाठीमागून जात असेल तर तो म्हणतो, “मागे.” ज्याने ऐकलं त्याने वळायचं नाही, बघायचं नाही, हात अंगाशी घ्यायचे आणि आहे तिथे उभं राहायचं. वळला तो भाजला. कामाच्या पहिल्या दिवशी बाबांनी तिला मशीन दाखवायच्या आधी हे शिकवलं होतं आणि दहा वेळा करून घेतलं होतं. दोन वर्षांत ते इतकं अंगात भिनलं होतं की एकदा बसमध्ये कोणी “मागे सरका” म्हटलं तर ती दारातच पुतळ्यासारखी उभी राहिली आणि मागच्या लोकांनी तिचा यथेच्छ उद्धार केला.

तिने हात अंगाशी घेतले. हॉल नव्हता. ओल्या फरशा होत्या, पांढरी वाफ होती, पाठीमागून काहीतरी तापलेलं अगदी जवळून जात होतं आणि ते जाईपर्यंत श्वास घ्यायचा नव्हता. ती उभी राहिली. बॉल एकटाच उसळला, पुन्हा एकटाच उसळला. मागून आलेल्या, समोरच्या लाल संघातल्या उंच मुलीने तो रस्त्यात सापडलेली वस्तू उचलावी तसा उचलला, क्षणभर तिच्याकडे आश्चर्याने पाहिलं आणि धावत सुटली.

हॉल परत आला तेव्हा भोंगा वाजत होता आणि लाल मुली एकमेकींच्या अंगावर उड्या मारत होत्या.

“काय झालं काय तुला?” कोच मॅडमचा आवाज फाटला होता. “का थांबलीस?”

“पाय घसरला, मॅडम.”

“घसरला? अगं, खांबासारखी उभी होतीस तू!”

“घसरला,” ती म्हणाली. कॅप्टन टॉवेलमध्ये तोंड खुपसून बसली होती.

बक्षीस समारंभ सुरू व्हायच्या आत ती तिथून निघाली आणि हॉल ओलांडून तडक स्टॉलवर गेली. काय बोलायचं ते तिने ठरवलं होतं. अठरा वर्षं एक नियम मोडला नाहीत आणि मोडलात तो नेमका आज, नेमका त्या क्षणाला? पण तिथे तिच्या आधी मॅनेजर पोचला होता.

“मला वरच्यांना काय तोंड दाखवू ते सांगा,” तो बाबांना म्हणत होता. “आपला स्टॉल, आपली स्पर्धा, आणि दुसरा क्वार्टर सुरू झाल्यापासून फ्राइजचा एक पुडा बाहेर आलेला नाही! लोक रांगेत उभे राहून परत गेले.”

“मशीन तापत नव्हतं, साहेब,” बाबा फरशीकडे बघत म्हणाले. त्यांना खोटं बोलता येत नसे. बोलले की कान लाल व्हायचे, आणि आत्ता ते टोपीखाली लालभडक झाले होते.

तिने मशीनच्या पत्र्यावर सवयीने हात टेकला आणि मग तो तिथेच राहिला. तापलेल्या मशीनला असा हात लागला असता तर फोडच आला असता. पत्रा कोमट होता. बटण बंद होतं. बिघडलेलं नव्हतं, बंद केलेलं होतं.

दुसरा क्वार्टर सुरू झाल्यापासून. म्हणजे तिने बघायचं सोडलं, तेव्हाच ते वळले होते. ती सगळा वेळ ज्या कोपऱ्याकडे पाठ फिरवून खेळली, तिथून ते सगळा वेळ तिला बघत होते.

“साहेब, या मशीनचं होतं असं,” ती म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा बराच स्थिर निघाला. “थर्मोस्टॅट अडकतो. दुकानातही दोनदा झालंय.”

“तू कोण? हां, तू. नक्की?”

“दोन वर्षं याच्यावरच तळतेय.”

मॅनेजरने मशीनकडे शत्रूकडे बघावं तसं बघितलं आणि मेकॅनिकला फोन लावत तो बाहेर गेला. बाबांनी टोपी काढली. त्यांच्या कपाळावर टोपीचा वळ उठला होता.

“ती उंच पोरगी तुझ्या मागून आली,” ते म्हणाले. “तुला दिसत नव्हती. माझ्या तोंडून निघून गेलं.”

“ऐकलं मी.”

“तू थांबलीस.”

“तुम्हीच शिकवलंय.”

त्यांनी टोपी हातात फिरवली. “पुढची स्पर्धा गेली ना?”

“गेली.”

जाऊ दे बाबा, असं तिला म्हणता आलं नाही, कारण जाऊ देण्यासारखं ते नव्हतंच. वाईट वाटत होतं, खूप वाटत होतं. आणि त्याच जागी, त्याच्या अगदी लगत, आणखी काहीतरी होतं, ज्याच्यासाठी ती तीन वर्षं थांबली होती. दोन्ही एकदम कसं सोसायचं ते तिला कळेना, म्हणून ती बटाट्याच्या क्रेटवर बसली.

“तू पडलीस ना एकदा,” बाबा म्हणाले, “तेव्हा उठताना त्या लाल पोरीलाही हात दिलास.”

“मी? कधी?”

“दुसऱ्यात. त्या खांबापाशी. दोघी आपटलात. तू आधी उठलीस आणि तिला उठवलंस, मग पळालीस.”

“मला नाही आठवत.”

“दिलास,” ते म्हणाले. “मी पाहिलं.”

दारातून कॅप्टनने हाक मारली. डोळे सुजले होते, पण आवाजात राग नव्हता. “फ्राय, बस निघतेय. येतेस ना?”

तिने हातानेच सांगितलं, तुम्ही व्हा पुढे.

“आणखी?” तिने बाबांना विचारलं.

“आणखी काय?”

“आणखी काय काय पाहिलंत? पहिल्यापासून सांगा.”

बाबांनी दुसरा क्रेट ओढला आणि तिच्यासमोर बसले. आधी त्यांनी खिडकीकडे बघितलं, मग मोकळ्या मैदानाकडे, आणि मग हात पुढे करून, कोण कुठे उभी होती हे बोटांनी दाखवत, चष्मेवालीला ‘ती बारकी’ आणि पंचाला ‘तो शिट्टीवाला’ म्हणत त्यांनी सुरुवात केली. ती ऐकत होती. त्यांच्या बोलण्यातली ती मुलगी तिच्यापेक्षा उंच होती, चपळ होती, आणि कशालाच घाबरत नव्हती. समारंभ संपला. माणसं येऊन बाक उचलू लागली, कोणीतरी जाळी सोडली, कोणी फरशीवरून लांब झाडू ओढत गेलं. बाबा अजून दुसऱ्याच क्वार्टरमध्ये होते.