सिदूचा रेडा

दगडाबाईनं कळशी उचलली ती पाणी भरायला नाही, छबुबाईच्या टाळक्यात घालायला. टण्णकन आवाज झाला. छबुबाईच्या भुवईवरून रक्ताची धार लागली, तरी बाईनं हातातला पाइप सोडला नाही. उलट त्याच पाइपानं दगडाबाईच्या पाठीवर सपासप ओढले. मग दोघींच्या जावा, सुना, नणंदा एकमेकींवर तुटून पडल्या. कुणाच्या मुठीत झिंज्या आल्या, कुणाच्या हातात तुटलेली पोत. आणि ज्या पाण्यासाठी हा तमाशा, ते टँकरमधून धो धो धुळीत चाललं होतं.

"तुज्या बापाचा टँकर हाय का गं, भवाने?"

"तुज्या सासऱ्याचा बी न्हाई! नंबर माजा होता!"

केबिनमध्ये बसलेल्या सिदूनं सुस्कारा सोडला आणि डेकचं बटण पिळून आवाज शेवटाला नेला.

त्यानंतर त्या टँकरमधून जे बाहेर पडलं, त्याला गाणं म्हणायला आपल्याकडं कुणी धजावलं नसतं. सीटमागं ठोकलेले दोन दांडगे स्पीकर थरथरू लागले. ढोल असे बडवले जात होते की पोटात गोळा यावा. गिटारी करवतीसारख्या चिरत होत्या आणि त्या सगळ्यावर एक इंग्रज बेंबीच्या देठापासून डुरकत होता. बायकांनी पटापट कानांवर हात ठेवले. कानांवर हात ठेवायचे तर झिंज्या सोडाव्या लागतात, एवढं साधं गणित होतं.

"बंद कर मुडद्या तुजा रेडा!" दगडाबाई ओरडली.

"आदी लाइन लावा!" सिदू खिडकीतून ओरडला.

लाइन लागली. सिदूनं आवाज उतरवला. दगडाबाईनं आपल्याच पदराची चिंधी फाडून छबुबाईच्या कपाळाला बांधली आणि तोंडानं शिव्या चालूच ठेवल्या. सगळ्या वस्त्यांवर हे असंच चालायचं. दुष्काळानं माणसं पार पिसाळली होती, आणि पोलीस पाटलाला जे जमत नव्हतं ते सिदूचा रेडा करत होता.

टँकर निघाला की सिदू खिडकीतून उजवा हात बाहेर काढायचा. मधली दोन बोटं मुडपलेली, अंगठ्यापासचं बोट आणि करंगळी ताठ. दोन शिंगं. बायकाही आता हसत हसत त्याला शिंगं दाखवायच्या. दगडाबाई तर रिकामी कळशी काखेत मारून दोन्ही हातांनी दाखवायची. कुणाचं काय बिघडत होतं त्यात? पण बिघडलं, आणि पुरतं बिघडलं.

सिदू मूळचा मेंढरांमागचा. बाप म्हाळू जन्मभर घोंगडी खांद्यावर टाकून फिरला. पोरगा मात्र सहकारी साखर कारखान्यात चिकटला आणि मिलवर फिटर झाला. उसाचं पिळून चिपाड करणारे ते अजस्र रोलर, त्यांची घरघर, वाफेचा फुत्कार, पायाखालची थरथर, यात त्याची ऐन उमेदीची वर्षं गेली. एका साली पुण्याकडून टर्बाइन बसवायला एक फिटर आला होता. जेवणाच्या सुट्टीत त्यानं छोट्या टेपवर एक कॅसेट लावली. सिदूच्या हातातला भाकरीचा तुकडा हातातच राहिला. त्याला वाटलं, आपली मिलच कुणीतरी टेप करून ठेवलीय.

"काय म्हंत्यात याला?"

"मेटल."

"मंजी लोखंडच ना?"

"लोखंडच. हेवी मेटल. जड लोखंड."

"मग आपलंच हाय की!"

फिटर खो खो हसला. म्हणाला, "अरे, खरंच आपलं आहे. हे वाजवणारे कारखान्यांच्या गावातलेच. हा गिटारवाला आहे ना, त्याच्या बोटांची टोकं पत्र्याच्या मशीनमध्ये तुटली. बोटांना टोपणं बसवून वाजवतो गडी." आणि आवडलं की हात कसा वर करायचा, तेही त्यानंच शिकवलं. जाताना कॅसेट सिदूला देऊन गेला.

तिथून सिदू जो नादावला तो नादावलाच. अंबाजोगाईच्या मोबाइलच्या दुकानात जाऊन तो पेन ड्राइव्ह भरून आणायचा. शब्द एक कळत नव्हता. त्याचं काही अडलंही नाही. मिलनं त्याचे कान खाल्ले होते. टीव्ही, भजन, बायकोचं बोलणं, सगळं त्याला कापसाआडून आल्यासारखं यायचं. हे मात्र फासळ्यांतून थेट आत शिरायचं. बायको साखराबाई चिडायची. "माजं बोलणं ऐकू येत न्हाई, त्या मेल्याचं डुरकणं बरं ऐकू येतं!" सिदू हसायचा. मोठा मऊ माणूस होता. कोंबडी कापायची म्हटलं तरी शेजाऱ्याला हाक मारायचा.

मग ऊस जळाला आणि कारखाना बंद पडला. एक हंगाम गेला, दुसरा गेला. मिल गप्प झाली तसा सिदू आजाऱ्यासारखा दिसायला लागला. पगार नव्हता, तरी तो दर आठवड्याला मिलवर जायचा आणि रोलरला ग्रीस चोपडून यायचा. लोखंड धरून बसलं तर पुन्हा हलायचं नाही, ही त्याला धास्ती. पोटासाठी त्यानं राधाकिशनच्या टँकरचं स्टिअरिंग धरलं. राधाकिशन म्हणजे तालुक्यातला टँकरवाला, आणि कारखान्याच्या निवडणुकीत एका पॅनलचा पुढारी. त्यानं सिदूच्या खांद्यावर हात ठेवून शब्द दिला होता, "सिदू, आपलं पॅनल येऊ दे. कारखाना सुरू करतो का न्हाई बघ. मिलवर पयला फिटर तू."

त्या एका शब्दावर सिदू दिवस काढत होता. त्याला पैशाचं फार नव्हतं. त्याला मिल पुन्हा फिरताना ऐकायची होती, आणि तीही आपल्या हातानं फिरवून.

आता राधाकिशनच्या पॅनलची निशाणी होती विमान. प्रचाराला माणसं हाताचा पंजा आडवा, सपाट धरून विमान उडवायची. आणि विरोधी पॅनलची निशाणी कोणती? बैल! बैलवाले दोन बोटांची शिंगं करून दाखवत फिरायचे. सिदूला यातलं काही ठाऊकच नव्हतं. त्याला ऐकू येत नव्हतं आणि पुढाऱ्यांचं ऐकायची हौसही नव्हती.

राधाकिशनचा पुतण्या त्रिंबक एक दिवस मोटारसायकलवरून टँकरच्या मागं मागं आला. त्यानं काय पाहिलं? काकाचा टँकर, काकाचं डिझेल, आणि वस्तीवस्तीवर ड्रायव्हर हात बाहेर काढून बैल दाखवतोय, अन् बायामाणसं त्याला उलट बैल दाखवतायत. त्रिंबकचं डोकं आधीच तापलेलं असायचं. आता तर ते पेटलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी दगडाबाईच्या वस्तीच्या अलीकडच्या वळणावर त्यानं मोटारसायकली आडव्या लावल्या. बरोबर दोन गडी होते. सिदूनं ब्रेक दाबला. डेक चालूच होता.

"खाली उतर बे!"

सिदू उतरला. उतरल्या उतरल्या त्रिंबकनं त्याच्या कानफटात वाजवली. ज्या कानानं थोडंफार ऐकू येत होतं, त्याच कानावर.

"बैल दावतो व्हय रे? आमचं खातो अन् बैल दावतो?"

"बैल न्हाई मालक," सिदू गाल चोळत म्हणाला. "रेडा हाय त्यो."

खरंच सांगत होता हो बिचारा! सगळी वस्ती त्याला रेडाच म्हणायची. पण त्रिंबकला वाटलं, हा आपली टिंगल करतोय. त्यानं सिदूच्या पोटात लाथ घातली. सिदू चाकापाशी कोसळला. गड्यांनी त्याला लाथांनी तुडवलं, मग बखोटीला धरून उभं केलं. ओठ फाटून दात लाल झाले होते.

"हात पसर. विमान दाव. पंजा सपाट कर अन् म्हन, विमानाचा विजय असो. अन् ह्या पेन ड्राइव्हमधलं प्रचाराचं गाणं लाव. मंग सोडतो."

सिदूनं पंजा सपाट केला. का नाही करणार? मिल डोळ्यांसमोर होती. पडेल आवाजात विजय असो सुद्धा म्हणाला. गोष्ट तिथंच मिटली असती. पण त्रिंबक केबिनमध्ये चढला आणि डेकशेजारच्या फटीत ठेवलेली ती जुनी कॅसेट त्याच्या हाताला लागली. "हे काय कुत्र्यावानी वराडतंय," म्हणत त्यानं ती दारातून खाली टाकली आणि उतरून टाचेखाली रगडली. फीत काळ्या आतड्यासारखी बाहेर आली.

का केलं सिदूनं तसं, ते त्यालाही सांगता आलं नसतं. कोंबडी न कापणाऱ्या त्या माणसानं गड्यांना झटकून केबिनच्या दारातून सीटखालचा पाना ओढला आणि त्रिंबकच्या खांद्यात हाणला. हाड वाजलं. त्रिंबक गुरासारखा ओरडला. पुन्हा पाना उगारला आणि सिदूचा हात आपोआप थांबला, कारण समोरच्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलेलं त्याला दिसलं. तेवढी उसंत गड्यांना पुरली.

"धरा त्याला! शिंगं मोडा भडव्याची! तीच दोन बोटं मोडा!"

त्यांनी त्याचा उजवा हात केबिनच्या दाराच्या चौकटीत धरला. सिदूनं जीव खाऊन हात मागं ओढला. अंगठ्यापासचं बोट आणि करंगळी निसटली, मधली लांब दोन सापडली. दार आपटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा आपटलं. सिदू जो ओरडला, तो त्या डुरकणाऱ्या इंग्रजापेक्षा मोठ्यानं ओरडला.

वस्ती हाकेच्या अंतरावर होती. ओरडणं तिथं स्पष्ट पोहोचलं. दगडाबाईनं कान टवकारले आणि ती हसली.

"आला गं बाई सिदूचा रेडा! लाइन लावा, लाइन!"

आणि बायका धावल्या, पण कळश्या आणायला. छबुबाईनं त्या दिवशी भांडण न करता दगडाबाईच्या मागं नंबर लावला. रेडा वळणावर बराच वेळ ओरडत राहिला. बायका उन्हात शहाण्यासारख्या उभ्या राहिल्या. टँकर आज पुढं का येत नाही, हे बघायला दगडाबाई शेवटी वळणावर गेली तेव्हा मोटारसायकली निघून गेल्या होत्या. सिदू चाकाला टेकून बसला होता आणि हात लुगड्याच्या घडीसारखा छातीशी धरून होता. दगडाबाईनं तिथंच बसकण मारली आणि कपाळ बडवून घेतलं.

"आमी ऐकलं रे लेकरा! आमी ऐकलं, अन् हसलो!"

अंबाजोगाईच्या दवाखान्यात डॉक्टरांनी बोटं वाचवली. पण शिरा तुटल्या होत्या. मधली दोन बोटं तळव्याशी मिटून राहिली ती राहिलीच. "आता ही सरळ व्हायची नाहीत," डॉक्टर म्हणाले. साखराबाई नवऱ्याच्या उशाशी बसून आठवेल त्या शिव्या राधाकिशनच्या घराण्याला घालत होती. तेवढ्यात राधाकिशन स्वतःच मोसंब्यांची पिशवी घेऊन आला.

"पोरानं चूक केली. मी कानफाडलंय त्याला," तो म्हणाला. "पण सिदू, तू बी पाना घातलास. पोलिसात गेलास तर दोगं बी आत जाताल. वाऱ्यानं दार लागलं म्हन. कारखान्यात मी तुला घेतो. माजा शब्द हाय."

"मिलवर?" सिदूनं विचारलं.

राधाकिशननं त्या हाताकडं पाहिलं, मग मोसंब्यांकडं. "गेटवर घेऊ. बसून काम. आरामात."

साखराबाईनं पिशवी उचलली आणि मोसंबी वॉर्डच्या दारातून बाहेर भिरकावून दिली. पोलिसांना मात्र सिदूनं वाऱ्यानं दार लागलं असंच सांगितलं. साखराबाई त्यानंतर कितीतरी दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिचं अबोल राहणंही त्याला नीटसं ऐकू आलं नसेल, असं ती रागानं म्हणायची. पण ते त्याला ऐकू येत होतं.

विमान निवडून आलं. पुढच्या पावसाळ्यानं थोडी दया केली, ऊस उभा राहिला आणि कारखान्याचा बॉयलर पेटला. हंगामातल्या उसाची पहिली मोळी टाकायच्या दिवशी मांडव पडला. संचालक फेटे बांधून उसाच्या गव्हाणीपाशी उभे होते. नवे चेअरमन राधाकिशन, शेजारी खांदा अजून उतरलेला त्रिंबक. सभासद खाली बसले होते, त्यांत दगडाबाईही होती. सिदू खाकी कपड्यांत गेटपाशी होता. मिलवर नवा फिटर लागला होता, तरणाबांड, दोन्ही हात धड असलेला.

मोळी पडली. कुठंतरी लिव्हर ओढला गेला आणि इतकी वर्षं गप्प असलेले रोलर कुरकुरले, दचकले आणि फिरायला लागले. एकही धरून बसला नव्हता. लोखंडाची घरघर मांडवावरून गेटपर्यंत आली. सिदूच्या तळपायांत शिरली, फासळ्यांत शिरली.

"हात वर करून बोला!" माइकवरून त्रिंबक ओरडला. "कारखान्याचा..."

"विजय असो!"

सगळ्या मांडवात सपाट पंजे वर गेले. दगडाबाईनं मात्र मागं वळून गेटकडं पाहिलं. राधाकिशननंही पाहिलं आणि झटकन मान खाली घातली.

सिदूनं मिलकडं तोंड करून उजवा हात वर केला होता. बोटं मुडपायची आता गरज नव्हती.