चपटा चेंडू

डनेडिनच्या विद्यापीठात कॉम्प्युटर ग्राफिक्सचा विषय नेव्हिल एटकिन एकोणीस वर्षं खडू-फळ्यावर शिकवत होता. यंदा त्याच्या जोडीला मेरेआना ही नवी शिक्षिका आली ती छोटे छोटे प्रोग्रॅम घेऊन. पट्टी सरकवली की पडद्यावरचा चेंडू फिरे, दिवा हलवला की उजेड सरके. तास संपला तरी पोरं जागची हलेनात. हीच पोरं नेव्हिलच्या तासाला घड्याळाकडे बघत बसायची. त्याच्या पोटात दुखायचं, दुसरं काही नाही. पुढच्या वर्षी विषय कोणाकडे द्यायचा, हे विभागप्रमुख फियोना शुक्रवारी ठरवणार होती.

गुरुवारी तो तिच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधत बसला. शेवटी त्याने चेंडू वरून दाबून पुरता चपटा केला, आणि घबाडच हाती लागलं. दिवा बरोबर डोक्यावर होता. चपट्या पाठीवर सगळीकडे उजेड पडायला हवा, तर तो मधोमध टिकलीएवढा आणि बाकी सगळा काळोख! नेव्हिल त्या दिवशी शीळ घालत घरी गेला.

शुक्रवारी दहाच्या चहाला सगळे जमले. चीझ रोलची ताटली बाजूला सारून त्याने लॅपटॉप मांडला.

"बघा हो, बाईंचा दिवा! पोरांना खेळणी द्यायची तर निदान धड तरी द्यावीत."

मेरेआना लाल झाली. "माहितीये मला. सोमवारी पोरांनीच पकडलं. चेंडूची कुठली बाजू कुठे तोंड करून आहे हे सांगणारे बाण असतात ना, तेही चेंडूबरोबर दाबले जातायत. ते उलट ताणायला हवेत."

"मग दुरुस्त का नाही केलंस?" फियोनाने विचारलं.

"आधी नेव्हिलना विचारायचं होतं. दोनदा गाठलं, पण त्यांना वेळ नव्हता." ती घुटमळली. "बाणांचं ते सूत्र त्यांच्या नोट्समधलं आहे. पान चौदा."

फळ्यावर काढलेला चेंडू एकोणीस वर्षांत कोणी दाबून पाहिलाच नव्हता. फियोना चहात उगाच चमचा ढवळत राहिली.

"मी कोणाला सांगणार नव्हते हो," मेरेआना त्याच्याजवळ येऊन हळूच म्हणाली.

ती खरंच सांगणार नव्हती, हे नेव्हिलला तिच्या तोंडावरूनच कळलं. म्हणजे हाही गुण हिच्याकडेच! त्याच्या पोटातलं दुखणं दुप्पट झालं.