तोफेला मिळालेली नोकरी

समाजकार्याच्या विद्यार्थ्यांकडून मॅडम एकच गोष्ट घोटून घ्यायच्या. "नुसते डोळे पुसत बसू नका. लोकांना रडवणारा कायदा बदलायला सत्तेच्या दारात जा." वर्गातल्या खुर्च्या हलवून त्या मंत्र्याचं दालन मांडायच्या, स्वतः मंत्री व्हायच्या आणि पोरांना घाम फोडायच्या. त्यांना पुरून उरायची ती एकच मुलगी. वर्गात तिला तोफ म्हणायचे.

त्या वर्षी सरकारने मनोरुग्णांना दिवसभर सांभाळणारं केंद्र बंद करायचं ठरवलं. तोफेचा सख्खा मामा तिथे जायचा. दिवसभर टोपल्या विणायचा आणि संध्याकाळी मुकाट घरी यायचा. मॅडम म्हणाल्या, "तालीम पुरे झाली. चला."

मंत्री भेटले नाहीत, सचिव भेटला. तो मॅडमचाच जुना विद्यार्थी निघाला. त्याने उठून आपली खुर्ची पुढे केली, तसा मॅडमचा ऊर भरून आला.

तोफ बोलली. आवाज न चढवता तिने सांगितलं, की केंद्र नव्हतं तेव्हा आई मामाला खोलीत कोंडून कामाला जायची. सचिवाने सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. "अगदी पटलं," तो म्हणाला. चहा आला, फोटो निघाला. पोरं हवेत तरंगत बाहेर पडली.

त्याने मॅडमना मागे थांबवलं.

"केंद्र बंद होणारच आहे, मॅडम. सही झालीय."

"मग एवढा वेळ बोलू कशाला दिलंस?"

"मन मोकळं झालं की माणूस निम्मा शांत होतो. तुम्हीच शिकवलंत ना, आधी ऐकून घ्या म्हणून?"

मॅडम पर्स उचलून उठल्या.

"ती मुलगी मात्र आम्हाला द्या," तो म्हणाला. "गाऱ्हाणी घेऊन येणाऱ्यांना सांभाळायला अशीच माणसं लागतात."

केंद्राला कुलूप लागलं. परीक्षा आटोपताच तोफ सचिवाच्या हाताखाली रुजू झाली. हे कळलं तेव्हा मॅडमनी तिला बोलावून घेतलं. चार खडे बोल सुनावायचे, असं त्यांनी ठरवलंच होतं.

"मामा कसा आहे गं?" त्यांनी आधी विचारलं.

"घरीच असतो. परत कोंडायला आईचा जीव होईना. तिने काम सोडलं." तोफ खाली बघत म्हणाली, "कुणीतरी कमवायला हवंच ना, मॅडम."

मॅडमनी तिच्याकडे खुर्ची सरकवली.

"पगार बरा आहे ना?" त्यांनी विचारलं.

"बरा आहे."